आंब्याचें झाड कोणाचें?

हवेंतील कर्ब हा विषय आतां शास्त्रज्ञांच्या ग्रंथांतून बाहेर पडून वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येऊन बसला आहे. कोळसा आणि खनिज तेल जाळून जो कर्बवायु, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, आपण हवेंत सोडतों, त्याचें ओझें वाढत चाललें आहे. हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर १९५८ सालीं चार्ल्स कीलिंग यांनीं या वायूची नियमित मोजणी सुरू केली, तेव्हां दहा लक्ष भाग हवेंत तो सुमारें ३१५ भाग भरला. आज तो ४२० च्या वर गेला आहे. हें ओझें थोडेंफार उतरविण्याचे जे उपाय सुचविले जातात, त्यांत उष्ण प्रदेशांतील फळबागांचें नांव वारंवार येतें. आंबा, काजू, फणस यांचीं झाडें लावावीं. तीं हवेंतील कर्ब ओढून लांकडांत सांठवितील, शेतकऱ्यास फळें मिळतील आणि उघडे डोंगर झांकले जातील, असा हा हिशेब आहे. हिशेब चुकीचा नाहीं. परंतु त्यांत एक रक्कम मांडावयाची राहून गेली आहे असें मला वाटतें, आणि ती शास्त्राच्या नव्हे, इतिहासाच्या वहींत सांपडते. झाड कर्ब धरून ठेवतें तें उभें असेपर्यंत. आणि तें उभें राहील कीं नाहीं, हें बऱ्याच अंशीं तें कोणाचें आहे यावर ठरतें. आपल्या कोंकणची गेल्या तीनशें-साडेतीनशें वर्षांची हकीकत या दृष्टीनें पाहण्याजोगी आहे.

प्रथम झाडाच्या पोटांतला व्यवहार समजून घेऊं. पान सूर्यप्रकाशांत हवेंतील कर्बवायु घेतें, मुळांनीं आणलेल्या पाण्याच्या साहाय्यानें त्याची साखर बनवितें, आणि त्या साखरेपासूनच पुढें फूल, फळ, साल, लांकूड हीं सारीं घडतात. सुक्या लांकडाच्या वजनांत निम्म्याच्या जवळपास निव्वळ कर्ब असतो, आणि एक टन कर्ब म्हणजे हवेंतला साडेतीन टनांहून अधिक कर्बवायु. तेव्हां ज्या जुन्या आंब्याचें सुकें वजन मुळांसकट दोन टन भरेल, त्यानें आपल्या आयुष्यांत साडेतीन टनांच्या आसपास कर्बवायु हवेंतून काढून लांकडांत ठेवला असें समजावें. या व्यवहारांत फळाचा वांटा जवळजवळ शून्य आहे, हें ऐकून आंबेखाऊंस वाईट वाटेल. पेटींतून मुंबईस गेलेला हापूस आठ-पंधरा दिवसांत कोणाच्या तरी श्वासावाटें पुन्हा हवेंत जातो. पान गळतें, कुजतें. त्यांतला बराच कर्ब परत जातो, थोडा मातींत उरतो. टिकाऊ ठेव ती खोड, फांद्या, जाड मुळें आणि मातींतला कुजलेला अंश यांचीच. भात-नाचणीही कर्ब घेतातच, परंतु घेतलेला बहुतेक वर्षाच्या आंत परत करतात. फळझाडाचें वैशिष्ट्य इतकेंच कीं, त्याचें उत्पन्न घेण्यासाठीं तें तोडावें लागत नाहीं. सागाचा धनी साग तोडल्यावांचून पैसा पाहत नाहीं. आंब्याचा धनी आंबा तोडला कीं पैसा गमावतो.

ही गोष्ट आपल्या राज्यकर्त्यांस फार पूर्वीं उमगली होती. रामचंद्रपंत अमात्यांनीं अठराव्या शतकाच्या आरंभीं राजनीतीवर जें 'आज्ञापत्र' लिहिलें, त्यांत आरमाराच्या प्रकरणीं लांकडासंबंधीं आज्ञा आहेत. हल्लीं हाच मजकूर शिवाजी महाराजांचें पत्र म्हणून भिंतींवर रंगविलेला दिसतो. त्यांतली वहिवाट शिवकालापासूनची असूं शकेल, पण कागद अमात्यांचा आहे, एवढें नमूद केलेलें बरें. आशय असा: गलबतांस सागवानादि लांकूड लागेल तें रानांतून हुजूरचा परवाना घेऊन तोडावें, कमी पडेल तें परमुलुखांतून विकत आणावें. आंबा-फणसाचें लांकूडही आरमाराच्या कामाचें आहे. परंतु त्यास हात लावूं देऊं नये. कारण हीं झाडें एका-दोन वर्षांत होत नाहींत. रयतेनें तीं लेंकरांप्रमाणें दीर्घकाळ वाढविलेलीं असतात, आणि तीं तोडलीं तर तिच्या दुःखास पार राहत नाहीं. एखादें झाड अगदीं जीर्ण होऊन निकामी झालें असलें, तरच धन्यास राजी करून, त्याचें मोल देऊन न्यावें. जुलूम मुळींच करूं नये.

या आज्ञेंत निसर्गप्रेम शोधणाऱ्यांस तें सांपडेलच. पण मला त्यांतला हिशेबी व्यवहार अधिक मोलाचा वाटतो. अमात्य झाडाच्या किंमतींत काळ धरतात. वीस-पंचवीस वर्षें वाट पाहून जें मिळतें, तें हिरावून घेतलें तर पुढें कोणी वाट पाहणार नाहीं, आणि राज्यांत झाडें उरणार नाहींत, हें त्यांनीं ओळखलें होतें. ज्या राज्यास आरमारासाठीं लांकडाची नड होती, त्यानें किनाऱ्यालगतच्या आंब्यांवर हात टाकूं नये, हा संयम थोडाथोडका नव्हे.

आतां या आंब्याच्या जातीकडे वळूं, कारण तिच्यामुळें झाडाच्या मालकीचा अर्थच पालटला. आपल्याकडचे जुने आंबे सारे कोयीपासून उगवलेले, म्हणजे रायवळ. बापाचा गुण मुलांत उतरेलच असें नाहीं, तद्वत् गोड आंब्याची कोय लावली तर आंबट निघावयाची. गोव्यांत पोर्तुगीज आले आणि त्यांनीं, विशेषेंकरून जेज्वित पाद्र्यांनीं, उत्तम झाडांचीं कलमें बांधण्याची विद्या रुजविली, असें श्रेय त्यांस दिलें जातें. गार्सिया द ओर्ता या वैद्यानें १५६३ सालीं गोव्यांत छापलेल्या आपल्या ग्रंथांत आंब्यावर स्वतंत्र प्रकरण लिहून मुंबई बेटांतील आपल्या जमिनीवरच्या आंब्यांचा उल्लेख केला आहे. पुढें सतराव्या शतकाच्या अखेरच्या सुमारास निकोलाव मनुची हा इटालियन प्रवासी गोव्याच्या आंब्यांचीं नांवें देतो, त्यांत एक नांव निकोलाव आफोंसो याचा आंबा असें आहे. हापूस हें नांव आफोंसो द आल्बुकेर्क या विजेत्यावरून पडलें अशी समजूत सर्वत्र आहे. परंतु तो १५१५ सालीं वारला. मनुचीची नोंद पाहतां हें नांव एखाद्या साध्या बागाइतदाराचें असावें, असें मानण्याकडे माझा कल आहे. जिंकणाऱ्यापेक्षां लावणाऱ्याचें नांव फळास राहावें, हें मला अधिक उचित वाटतें.

जुन्या भेटकलमाची रीत मोठी चिकाटीची. मातृवृक्षाभोंवतीं मांडव घालून त्यावर कुंडींतलीं रोपें ठेवावयाचीं, रोपाचें खोड आणि झाडाची फांदी दोन्ही एकेका बाजूनें तासून एकमेकांस बांधावयाचीं, आणि जीव एक झाला कीं दोन-तीन महिन्यांनीं फांदी मुळापासून तोडावयाची. एका झाडावर अशीं मोजकींच कलमें होत. त्यामुळें कलम ही विकत घेण्याची, राखण्याची, भोंवतीं गडगा घालण्याची वस्तु झाली. रायवळाखालीं पडलेला आंबा पोराबाळांचा. कलमाखालीं पडलेला आंबा उचलला कीं ती चोरी. आंब्याचें झाड अशा रीतीनें गांवांतून बागेंत गेलें.

मग सारे डोंगर आंबराईनें कां झांकले गेले नाहींत? कोंकणांत वर्षाकांठीं तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जांभ्याच्या जमिनींत आंबा आनंदानें वाढतो, कलमाची विद्याही आलेली. तरीसुद्धां एकोणिसाव्या शतकांतील डोंगरउतार बहुतेक वरकस. वरकस म्हणजे एका वर्षीं नाचणी, दुसऱ्या वर्षीं वरी, मग हरीक किंवा तीळ, आणि पुढें कांहीं वर्षें पड. पडीच्या वर्षांत जें झुडूप वाढे, तें पुन्हा तोडून जाळावयाचें. त्यांत भाताच्या रोपांसाठीं राब. ऐन-किंजळाच्या फांद्या, पालापाचोळा, शेण, गवत यांचे थर वाफ्यावर पसरून पावसापूर्वीं पेटविले कीं तण मरतें आणि रोप जोमानें येतें. दरसाल हजारों झाडांचे हात असे छाटले जात, आणि कर्ब जो लांकडांत जमावयाचा तो चैत्र-वैशाखांत धूर होऊन जाई.

यास शेतकऱ्याचें अज्ञान म्हणणारे अधिकारी पुष्कळ होते. १८७८ च्या वन कायद्यानंतर ठाणें आणि कुलाबा जिल्ह्यांत राब तोडण्यावर निर्बंध आले, लोक संतापले, आणि सरकारला चौकशी समिति नेमावी लागली. तिचा अहवाल १८८७ सालचा आहे. डॉ. फोल्कर हे शेतकी रसायनज्ञ १८८९ पासून हिंदुस्थानांत फिरले; त्यांनीं १८९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत राबाचा गंभीरपणें विचार केला आहे, निव्वळ उपहास केलेला नाहीं. परंतु राब अज्ञानामुळें होता कीं गरजेमुळें, या वादांत एक साधी गोष्ट मागें पडली. डोंगरावर झाड लावून वाट पाहण्यास कुळाला कारणच काय होतें?

खोती गांवांत खोत हा सरकारांत महसूल भरणारा आणि कुळांकडून हिस्सा घेणारा. भातजमिनीवर निम्मा, वरकसावर तिसरा, असा बऱ्याच ठिकाणचा रिवाज. खोत आणि कुळें यांचे हक्क ठरविण्यासाठीं १८८० सालीं कायदा झाला, तरी सगळीं कुळें एका दर्जाचीं नव्हतीं. कित्येकांचा हक्क खोताच्या मर्जीपुरता. ज्याच्या हातीं जमीन यंदा आहे आणि पुढच्या वर्षीं नसेल, तो नाचणी पेरील. कलम लावणार नाहीं. दुसरीकडे सरकारनें रान राखलें तें मुख्यतः इमारती लांकडासाठीं आणि महसुलासाठीं. अमात्यांनीं ज्यास धनी म्हटलें होतें, तो वाट पाहणारा माणूसच कागदावरून पुसट झाला. डोंगर उघडे पडले त्यांत कुऱ्हाडीचा दोष आहे, पण कुऱ्हाडीमागें कबुलायत आहे.

पुढचा इतिहास आपणांस परिचित आहे, म्हणून थोडक्यांत सांगतों. अलिबागेकडील चरी व आसपासच्या गांवच्या कुळांनीं नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं १९३३ पासून १९३९ पर्यंत शेती न करण्याचा संप चालविला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९३७ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें. तें त्या वेळीं मंजूर झालें नाहीं. खोती रद्द करणारा कायदा १९४९ सालीं झाला, आणि कुळकायद्याप्रमाणें १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरून कसणारा मालक झाला. हीं सारीं आंदोलनें भाताच्या वांट्यासाठीं होतीं. आंब्याचें नांव त्यांत क्वचितच असेल. तथापि वरकस उतारावर बागा उभ्या करण्याची पहिली तयारी तींच होय, असें मी समजतों.

दुसरी तयारी शास्त्राची. वेंगुर्ल्याचें फळसंशोधन केंद्र १९५७ सालचें आणि दापोलीचें कृषि विद्यापीठ १९७२ सालचें. भेटकलमाच्या जागीं कोय कलम आलें: नुकत्याच उगवलेल्या कोंवळ्या रोपावर पाचर करून काडी बसवावयाची, मांडव नको, कुंडी नको. एका हंगामांत हजारों कलमें होऊं लागलीं. तिसरी तयारी पैशाची. १९७२ च्या दुष्काळांत आधार ठरलेली, वि. स. पागे यांच्या कल्पनेंतली रोजगार हमी योजना १९७७ च्या कायद्यानें पक्की झाली होती. १९९० सालीं तिच्याशीं फळबाग लागवड जोडण्यांत आली. खड्डे, कलमें, मजुरी यांचा खर्च सरकार तीन वर्षांत हप्त्यांनीं देणार, मात्र जमीन स्वतःची पाहिजे. महाराष्ट्रांत तोंवर फळबागांखालीं सुमारें अडीच लाख हेक्टर जमीन होती. पुढील दहा-पंधरा वर्षांत ती कित्येक पटींनीं वाढली. यांत कर्बाचा विचार कोणाच्याही मनांत नव्हता. ज्या क्योतो करारानें झाडांतील कर्बास जगाच्या हिशेबांत जागा दिली, तो १९९७ सालचा. कुळाच्या नातवास स्वतःच्या सातबाऱ्यावर कलम लावतां आलें, आणि हवेंतला कर्ब त्या कलमांत आपोआप जाऊं लागला.

येथवर ऐकून श्रोत्यांस वाटेल कीं गोष्ट सुखान्त आहे. तसें सरसकट म्हणतां येत नाहीं. नाचणीनें झिजलेल्या उतारावर आंबा-काजू लावला, तर नफा निर्विवाद आहे. खोडांत कर्ब, मातीवर पालापाचोळा, पावसाच्या माऱ्यास आडोसा. पण मजुरांची टंचाई झाली, वरकस पड राहिला, आणि त्यावर ऐन, किंजळ, जांभूळ, कुंभा यांचें रान पुन्हा मूळ धरूं लागलें, तेंच यंत्रानें साफ करून काजू लावला, तर आरंभीं निव्वळ तोटा. रानानें जमविलेला कर्ब एका आठवड्यांत जाळावयाचा आणि कलमांनीं तो भरून काढण्याची वर्षानुवर्षें वाट पाहावयाची, हा कसला सांठा? त्यांतून दर उन्हाळ्यांत वणवे लागतात, त्यांत ऐन फळावर आलेल्या बागा होरपळतात. सड्यांचीही गोष्ट अशीच. रत्नागिरी-देवगडकडे कातळांत सुरुंगानें खड्डे पाडून, त्यांत बाहेरून आणलेली माती भरून आंबा उभा केला, ही जिद्द असामान्य खरी. परंतु सडा म्हणजे ओसाड खडक नव्हे. पावसाळ्यांत त्यावर इवल्या फुलांचें एक वेगळेंच जग उमलतें, आणि त्याच जांभ्यावर कोरलेलीं प्राचीन कातळशिल्पें २०२२ सालीं युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादींत आलीं आहेत. प्रत्येक उघडी जागा झाडाचीच वाट पाहत असते, असें नाहीं.

बागेच्या आंतही एक ओढाताण आहे. माझ्या आजोळीं परड्यामागें रायवळ आंब्याचें एक प्रचंड झाड होतें, त्यास आम्ही 'गोटी' म्हणत असूं. फळ लहान, पण दोघांच्या कवेंत न मावणारें खोड. तें विकलें गेलें तेव्हां त्याच्या फळ्या हापूसच्या पेट्यांस गेल्या, असें मामा सांगत, आणि त्यांच्या स्वरांत तक्रार नव्हती. त्या जागीं आठ-दहा कलमें आलीं. गोटीचें उत्पन्न कांहींच नव्हतें, कलमांचें होतें. मामांनीं चूक केली असें मला म्हणवत नाहीं. पण एका गोटीइतकें लांकूड त्या सगळ्या कलमांत आजही नाहीं. पूर्वीं दहा मीटर अंतरावर हेक्टरीं शंभर कलमें लावीत. आतां पांच मीटरवर चारशें लावण्याकडे कल आहे, आणि झाडें छाटून ठेंगणीं ठेवितात. त्यांतून पॅक्लोब्युट्राझॉल नांवाचें द्रव्य मुळांशीं घालतात. तें झाडाच्या वाढीचा संप्रेरक रोखतें, आणि जी शक्ति लांकडाकडे जावयाची ती मोहोराकडे वळते. बागाइतदारास मोहोर हवा, हवेस लांकूड हवें. दोघांचें हित येथें एक नाहीं, हें स्पष्ट बोललें पाहिजे.

मोजमापाचीही अडचण आहे. रानांतल्या झाडाचा कर्ब काढण्यासाठीं छातीइतक्या उंचीवर फीत लावून घेर मोजतात आणि सूत्रांत घालतात. कलमास त्या उंचीवर एक खोड क्वचितच असतें. त्याच्या तीन-चार फांद्या झालेल्या असतात. म्हणून कलमी झाडांसाठीं निराळीं सूत्रें बसवावीं लागतात. हें काम शास्त्रज्ञ करीत आहेत, तें होईल. हक्काचें काम अधिक कठीण आहे.

१९६४ सालीं महाराष्ट्रांत वृक्षतोडीचें नियमन करणारा कायदा झाला. त्याच्या अनुसूचींत सागाबरोबर आंबा आणि फणस यांचींही नांवें आहेत. खाजगी जमिनीवरील असें झाड तोडावयाचें तर अधिकाऱ्याची परवानगी लागते. अमात्यांच्या आज्ञेशेजारीं हा कायदा ठेवून वाचावा. उद्देश जवळजवळ एकच. पण अमात्यांनीं अधिकाऱ्यास धन्याची संमति घ्यावयास सांगितली होती. हा कायदा धन्यास अधिकाऱ्याची संमति घ्यावयास सांगतो. एका पद्धतींत झाड हा धन्याचा मान होता, दुसरींत तो त्याचा अडसर होऊं शकतो. आणि आपोआप उगवलेलें आंब्याचें रोप मोठें होऊं देण्यापूर्वीं शेतकरी दोनदां विचार करूं लागला, तर त्यास दोष देतां येणार नाहीं.

आतां कर्बाचा बाजार येऊं घातला आहे. केंद्र सरकारनें २०२३ सालीं कार्बन क्रेडिटच्या व्यापाराची योजना अधिसूचित केली, आणि फळबागाइतदारास झाडांतील कर्बाबद्दल पैसे मिळावेत, अशी भाषा ऐकूं येते. मिळावेत हें खरेंच. पण कोंकणांतला एखादा सातबारा हातीं घेऊन पाहा. आजोबांच्या नांवाखालीं पंचवीस-तीस वारसांचीं नांवें, त्यांतलीं निम्मीं मुंबई-पुण्याकडे. वांटणी झालेली नाहीं. कोठें जमीन एकाची आणि झाड दुसऱ्याचें. बाग वर्षा-दोन वर्षांच्या करारानें कोणा व्यापाऱ्यास दिलेली, फवारणी आणि छाटणी त्याच्या हुकमानें चालते. प्रत्यक्ष बागेंत बारा महिने राहून रात्रीं वानर-डुकरें हांकणारा, आणि वणवा आला तर फांद्या घेऊन धांवणारा गडी बहुधा नेपाळांतून आलेला. त्याचें नांव कोणत्याच उताऱ्यावर नाहीं. कर्बाचे पैसे द्यावयाचे तर झाड वीस-तीस वर्षें उभें राहील, अशी हमी कोणी तरी लिहून द्यावी लागेल. ती हमी या सर्वांपैकीं कोणीं द्यावी आणि पैसे कोणीं घ्यावेत, हें करारपत्राच्या पहिल्या कलमांत यावयास हवें. झाडाचा घेर दुसऱ्या कलमांत आला तरी चालेल.